पावणेअकराची डुलकी

ऑफिसात त्याला सगळे कात्री म्हणत. नाव ठेवलं होतं कौतुकाने आणि त्यानेही ते कौतुकानेच घेतलं, कारण स्वतःचं सोडलं तर दुसऱ्या कुणाचं कौतुक त्याला सोसत नसे. बोलणाऱ्याने तासभर बडबड केली तरी कात्री त्यातून चार मिनिटांचा असा व्हिडिओ कापून काढायचा, की ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. ‘कदाचित’, ‘मला वाटतं’, ‘अजून नक्की कळलेलं नाही’, ‘दुसरी बाजू अशी की’ असले शब्द कानावर पडले की त्याचे हात शिवशिवत. ते सगळे तो छाटून टाकी आणि मागे निव्वळ संताप उरे. पंचविशीही गाठलेली नव्हती, पण चेहरा असा, की सगळं जग पाहून झालं आणि त्यात बघण्यासारखं काही निघालं नाही.

बोलणारे होते चष्मेवाले. आधी ते समारंभात माईक घेऊन पाहुण्यांची नावं पुकारायचे. पुढे कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं, की तीच नावं रागाने पुकारली तर लोक जास्त ऐकतात. तेव्हापासून ते राजकीय भाष्यकार झाले. त्यांच्या चष्म्याच्या काचांना नंबर नव्हता. बोलता बोलता चष्मा काढून टेबलावर आपटायचा आणि दोन क्षण गप्प बसायचं, एवढ्यासाठी तो होता. त्यांचा स्टुडिओ गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना खालून आणलेले फोमचे तुकडे चिकटवलेले, त्यामुळे देशाच्या भवितव्याची सगळी चर्चा नव्या कोऱ्या गादीच्या वासात चाले. पाठीमागे जाडजूड पुस्तकांचं कपाट होतं. एका दाताच्या डॉक्टरने दवाखाना बंद केला तेव्हा ते पुस्तकांसकट उचललेलं. त्यातलं प्रत्येक पुस्तक हिरड्या आणि दाढांवरचं होतं, आणि प्रत्येक व्हिडिओखाली कुणीतरी लिहून जाई की सरांचं वाचन अफाट आहे.

कात्री या सगळ्याला मनातल्या मनात हसे. चष्मेवाल्यांना हसे, त्यांना मानणाऱ्यांना हसे, आणि त्यांच्याशी व्हिडिओखाली भांडत बसणाऱ्यांना तर पोट धरून हसे. मत द्यायला तो कधी गेला नव्हता आणि ते अभिमानाने सांगायचा. ‘सगळेच विकले गेलेत’ हे त्याचं एकमेव राजकीय मत. शाळांचा विषय निघो, रस्त्यांचा निघो की दूरच्या कुठल्या लढाईचा, हे एक वाक्य तो कुठेही ठेवून देई आणि मग जिंकल्यासारखा गप्प बसे. त्याच्या वयाच्या मुलांना ते फार खोल वाटे. वाटणारच. विचार न करता विचारी दिसायची सोय यापेक्षा स्वस्तात कुठे मिळते?

कामात मात्र तो वाकबगार होता. चष्मेवाल्यांचं तोंड एकसारखं दाखवलं तर बघणारे पळून जातात, म्हणून दर तीन-चार सेकंदांनी मध्ये दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. रांगेतल्या चपला, बंद पडलेली लिफ्ट, गंजलेलं कुलूप, जिन्यावर साचलेला कचरा. याला ऑफिसात ‘भरणी’ म्हणत. कात्री जाईल तिथे फोनवर भरणी टिपत असे आणि त्याच्याकडे तिचा डोंगर साठला होता. वापरताना त्याचे दोन नियम असत. माणूस असेल तर चेहरा पुसट करायचा, आणि चित्र आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटं करायचं. उलटं केलं की रोज तिथे बसणाऱ्यालाही आपली खोली चटकन ओळखू येत नाही. ही युक्ती त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला मोठा तोरा होता.

घरी मावशी होती. कात्री शाळेत असताना त्याची आई गेली, बाप दुसरा संसार मांडून मोकळा झाला, तेव्हा मावशीने त्याला दप्तरासकट उचलून आणला. तिचा स्वतःचा नवरा त्याआधीच सोडून गेलेला. कुठे, याची चौकशी घरात कुणी करत नसे. मावशी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. नळ कोरडा, नळ गळका, पाणी गढूळ, पाण्याला वास. जो येई तो तणतणतच येई. मावशी वर न बघता विचारी, “तक्रार?” या एका शब्दात अशी काही जादू होती, की शिव्या तोंडात घेऊन आलेला माणूस मुकाट्याने पत्ता सांगू लागे. इतक्या वर्षांत तिच्या कामावर एक शेरा नव्हता. येत्या काळात आतल्या खोलीत मुख्य कारकुनाची जागा रिकामी व्हायची होती, आणि ती मावशीलाच मिळणार हे शिपायापासून सगळे धरून चालले होते. मावशी ते घरी बोलून दाखवत नसे, पण आतल्या खोलीतल्या खुर्चीला हात टेकायला आहेत, हे तिने दोनदा सांगितलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मावशीचा एक नेम असे. खिडकीचा पत्रा खाली ओढायचा, डबा भराभरा संपवायचा आणि टेबलावर हातांची घडी करून त्यावर डोकं टेकायचं. बाकीचे बाहेर गप्पा मारायला जात. मावशी डुलकी काढी आणि सुट्टी संपायच्या आत आपली आपण जागी होई. एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून कात्री तो द्यायला गेला. मावशी झोपलेली, तोंड किंचित उघडं, शेजारी रिकामा डबा, डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ. त्याने फोन काढला आणि टिपलं. सवयच ती. खाली ओढलेला पत्रा त्याच्या पाठीमागे होता, तो चित्रात आला नाही. संध्याकाळी त्याने मावशीला ते दाखवलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “मेल्या, घोरत होते की काय मी? आवाज लाव बघू.” धाकटी, म्हणजे मावशीची मुलगी, तिथेच बसली होती, पण तिने आपल्या फोनमधून मान वर काढली नाही.

धाकटी कॉलेजात होती आणि अन्यायाच्या बाबतीत अतिशय जागरूक. सकाळी उठल्या उठल्या ती तीन अन्याय पुढे पाठवी, मग दात घासायला जाई. कुठला अन्याय, कुणावर, कधीचा, हे दुपारी विचारलं तर तिला आठवत नसे. व्हिडिओ ती दुप्पट वेगाने बघे आणि तोही अर्ध्यावर सोडी. कात्रीने एकदा गंमत म्हणून विचारलं होतं, “तू हे खरं आहे का ते कधी बघतेस?”

“दादा, बघायला वेळ कुणाला आहे? पटलं की पाठवायचं.”

“आणि खोटं निघालं तर?”

“तर काय? दुसरं कुणीतरी सांगेलच ना. आणि तसंही सगळे पेरलेलेच व्हिडिओ असतात.”

म्हणजे सगळं खोटं असतं हेही तिला ठाऊक, आणि पुढे पाठवायचं हेही ठरलेलं. कात्रीला या उत्तराचं फार कौतुक वाटलं होतं. आपला ग्राहक असा आहे म्हणून आपलं दुकान चालतं, एवढंच त्याने त्यातून घेतलं.

मग शहरात पाण्याची ओरड झाली. कुठली तरी मोठी जलवाहिनी फुटली आणि अर्ध्या वस्त्या कोरड्या पडल्या. चष्मेवाल्यांना हर्ष झाला. त्यांनी चष्मा दोनदा आपटला आणि ‘झोपलेली यंत्रणा’ या विषयावर मनसोक्त बोलले. व्हिडिओ दुपारीच बाहेर जायला हवा होता. कात्री भरायला बसला. कोरडा नळ होता, रिकाम्या बादल्यांची रांग होती. ‘झोपलेली यंत्रणा’ हे शब्द आले तिथे मात्र काही बसेना. त्याने फोनमधला डोंगर उपसला आणि मावशी सापडली.

तो क्षणभर थांबला असं म्हणायला मलाही आवडलं असतं. थांबला नाही. चेहरा पुसट केला, चित्र उलटं केलं, तीन सेकंदांचा तुकडा बसवला आणि पुढे सरकला. चेहरा दिसत नाही, जागा ओळखू येत नाही, मग कुणाचं काय बिघडतंय?

तेवढ्यात पाठीमागे चष्मेवाले येऊन उभे राहिले. “थांब. हे काय आहे?”

“भरणी आहे सर.”

“भरणी कसली? सगळा माल इथेच आहे. घड्याळ बघ. पावणेअकरा. लोक पाण्यासाठी वणवण करतायत आणि ही बया पावणेअकराला घोरतेय. कुठे मिळालं तुला हे?”

कात्रीने घड्याळाकडे बघितलं. त्या घड्याळावर आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या. आणि त्याच्या लख्ख ध्यानात आलं. तो तिथे गेला तेव्हा सव्वा वाजला होता. आरशात सव्वा वाजला की पावणेअकरा दिसतात. शाळेतल्या पोरालाही कळेल असं साधं गणित. जागा ओळखू येऊ नये म्हणून त्याने चित्र फिरवलं, आणि त्याबरोबर जेवणाची सुट्टी भर कामाच्या वेळेत जाऊन पडली.

एका वाक्याचं काम होतं. ‘सर, उलटं केलंय, ती जेवणाची सुट्टी आहे.’ पण मग कुणाचं ते सांगा, कुठलं ते सांगा, आणि एवढा मासा हातात आल्यावर तो सोडून द्या. शिवाय चष्मेवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. इतके दिवस तो तिथे राबत होता, पण असा हात कधी पडला नव्हता.

कात्री म्हणाला, “घड्याळाभोवती लाल वर्तुळ करू?”

“आता कसं बोललास,” चष्मेवाले म्हणाले.

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. लाल वर्तुळातलं घड्याळ लोकांनी डोक्यावर घेतलं. ‘पावणेअकरा’ म्हणून कुणी विनोद केले, कुणी गाणं रचलं, कुणी ऑफिसात डोकं टेकून स्वतःचे फोटो काढले. कात्रीच्या वयाची मुलं तर चेकाळली. ज्यांचा नळ सुरळीत चालू होता तीही संतापली होती. आकडा वर जाताना बघून चष्मेवाल्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीतून सगळ्यांसाठी चहा मागवला.

त्या संध्याकाळी घरी जेवताना धाकटीने फोन आईपुढे धरला. “आई, हे बघ. तुझ्याच खात्यात असली माणसं आहेत. मी कधीचं पाठवलंय, माझ्याकडून सगळ्यात जास्त लोकांनी पुढे पाठवलं.” आणि घास चघळत ती खालची मतं वाचून दाखवू लागली. जनतेच्या पैशावर झोपा काढतात. खुर्चीला बांधून ठेवा. तोंडावर पाणी मारा, पण पाणी आहे कुठे. धाकटी हसत होती. तिचं स्वतःचं मत सर्वांत वर होतं : असल्यांना घरी बसवा.

कुठली नटी कुठे दिसली तर नुसत्या कानावरून ओळखणारी ही मुलगी. पण रोज सकाळी डोळ्यासमोर चढवला जाणारा आईचा तो राखाडी स्वेटर, कोपराला दुसऱ्याच लोकरीने रफू केलेला, तिला काही ओळखता आला नाही.

मावशीने चष्मा लावला आणि बघितलं. “परत लाव,” ती म्हणाली. परत बघितलं. मग ती म्हणाली, “या बाईचा डबा माझ्यासारखाच आहे.”

“आई, डबे सगळे सारखेच असतात.”

मावशीने कात्रीकडे पाहिलं. कात्री जेवत होता. भलताच मन लावून जेवत होता. धाकटी हात धुवायला उठली तेव्हा मावशीने हळूच विचारलं, “तेव्हा सव्वा वाजला होता ना रे?”

“हो.”

“मग हे असं कसं?”

“उलटं केलंय मावशी. ओळखू येऊ नये म्हणून.”

“कुणाला ओळखू येऊ नये म्हणून?”

“लोकांना. तुला त्रास नको म्हणून.”

“माझ्यासाठी केलंस होय,” मावशी म्हणाली. तिने त्याच्या पानात थोडी भाजी वाढली, तिच्या हाताला सवय होती म्हणून. कात्री म्हणाला, “दोन दिवसांत विसरतात गं लोक. कुणाला काय पडलंय.”

लोक विसरले असते कदाचित, पण तिच्या कार्यालयातली माणसं रोज त्याच खोलीत बसत होती. तिसऱ्या टेबलावरच्याने डबा ओळखला, शिपायाने स्वेटर ओळखला, आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मावशीला आत बोलावलं. साहेब वाईट नव्हते. ते फक्त भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हातून जेवढं वाईट होतं तेवढं वाईट माणसालाही जमत नाही. मावशीने सगळं सांगितलं. सुट्टी होती, पत्रा खाली होता, चित्र उलटं आहे. साहेबांनी बाहेर येऊन घड्याळ बघितलं, टेबल बघितलं, फोनमधलं चित्र बघितलं आणि मान डोलावली.

“मला कळलं हो बाई. पण मला कळून काय उपयोग? बाहेर लोकांना पावणेअकरा दिसतायत. वरून विचारणा आलीय. ज्याने हे केलं त्याने येऊन सांगितलं, की मी उलटं केलं, तर मी तसं लिहून वर पाठवतो आणि विषय संपतो. नाहीतर शेरा मारावा लागेल. शेरा असला की वरच्या जागेचं काही खरं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

सोमवारी अकरा वाजता चौकशी ठरली. मावशीने घरी आल्यावर कात्रीला एवढंच सांगितलं. “तू ये. तू सांग. मूळ चित्र तुझ्याकडे आहे, ते दाखव. पाच मिनिटांचं काम आहे.”

“येतो,” कात्री म्हणाला.

धाकटीला हे सगळं त्याच वेळी, तिथेच कळलं. ती आधी म्हणाली, “आई, ती तू होतीस?” मग, “तू खरंच झोपतेस ऑफिसात?” आणि मग तिला आपलं मत आठवलं असावं, कारण तिने घाईघाईने फोन उचलला. मावशी म्हणाली, “कशाला पुसतेस? घरी बसवा म्हणालीस ना? बसलेय की तुझ्यासमोर.” धाकटी रडली, आणि रडून झाल्यावर तिला कात्रीचा असा संताप आला, की तिने त्याच्याकडून मूळ चित्र अक्षरशः हिसकावून घेतलं. तिला वाटलं, आपण खरं काय ते टाकू आणि सगळे शरमतील. इतकी भोळी ती कशी राहिली कोण जाणे. तिने मूळ चित्र टाकलं आणि खाली लिहिलं : ही माझी आई आहे. ही जेवणाची सुट्टी होती. चित्र उलटं करून दाखवलंय.

तिच्याच मैत्रिणी, तिच्याच वर्गातली मुलं. पहिला म्हणाला, कहाणी छान लिहिलीय. दुसरीने लिहिलं, घड्याळ नंतर बदललंय ते सरळ दिसतंय. तिसरा म्हणाला, आधीचंच खरं, हेच उलटं केलंय. चौथी म्हणाली, तुझी आई आहे ना, मग तू बाजू घेणारच. आणि जिच्याबरोबर ती रोज एका बाकावर बसते त्या मैत्रिणीने वेगळं कळवलं : खरं सांग हं, मी कुणाला बोलणार नाही, तुला हे टाकायला कुणी सांगितलं?

धाकटी ते वाचत बसली. यातलं एकेक वाक्य तिने आजवर दुसऱ्या कुणाला तरी लिहिलेलं होतं. इतकी वर्षं ही मुलं दिवसरात्र समाजावरचं आणि राजकारणावरचं भाष्य ऐकत होती. त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती, की सगळं बनावट असतं. अपवाद फक्त आपण आधीच पुढे पाठवून बसलो त्याचा. चुकलो म्हणायची वेळ आली की यांना एकदम पुरावे हवे असतात. अशा मुलांना कुणी जागरूक पिढी म्हटलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

इकडे कात्रीने धीर करून चष्मेवाल्यांना सांगितलं. ती माझी मावशी आहे, तिच्यावर शेरा येतोय, सोमवारी मला जायला हवं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. आपटायला नव्हे, खरोखरच काढला. त्यांचा चेहरा उजळला होता.

“अरे मग आधी नाही का सांगायचं? दुसरा भाग करू. ‘एका कष्टाळू बाईचा बळी कुणी घेतला?’ मावशीला आण इथे. नुसतं बसायचं, रडू आलं तर रडायचं.”

“पण सर, बळी आपणच घेतला ना.”

“आपण प्रश्न विचारला. बळी यंत्रणेने घेतला. एका गरीब बाईला पुढे करून वरचे नामानिराळे राहिले, असं घ्यायचं.”

“आणि घड्याळाचं?”

“घड्याळाचं काढायचं नाही. घड्याळ काढलं तर पहिला भाग पडतो.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “सोमवारी अकराला बसू. मावशी नाही आल्या तर मी एकटा बोलतो. तू मात्र हवास. नाहीतर दुसरा कुणी बघावा लागेल, आणि तुझ्या हाताची सर दुसऱ्याला नाही.”

सोमवारी मावशी इस्त्रीचे कपडे घालून निघाली. जाताना म्हणाली, “अकराला. उशीर करू नकोस.” कात्री म्हणाला, “तू हो पुढे, मी आलोच.” आणि खरोखरच तो निघाला होता. कोपऱ्यापर्यंत तो कार्यालयाच्याच रस्त्याने गेला. तिथून स्टुडिओ डावीकडे. चालता चालता त्याचं डोकं त्याच्या सवयीने चालू लागलं. साहेबांना कळलेलंच आहे. मी जाऊन काय वेगळं होणार? शेरा मारायचा असेल तर मारणारच. वरचं सगळं आधीच ठरलेलं असतं. सगळेच विकले गेलेत. ते वाक्य त्या दिवशी त्याच्या फार उपयोगी पडलं. दुसऱ्यांना हिणवण्यासाठी बाळगलेलं, पण त्या सकाळी ते अंगावर पांघरूण म्हणूनही पुरलं.

चष्मेवाले दुसऱ्या भागात फार सुंदर बोलले. ‘त्या माउलीचा गुन्हा काय?’ असं विचारून त्यांनी असा दीर्घ श्वास घेतला, की कात्रीनेही तो कापला नाही. टेबलावर पालथा ठेवलेला त्याचा फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकला आणि थांबला. धाकटी फोन करत होती. कार्यालयात मावशी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसून होती. येईल, म्हणत होती. साहेबांनी पुष्कळ वेळ वाट बघितली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग त्यांनी शेरा लिहिला : कामाच्या वेळेत झोप. आणि पुढे असा वाद उद्भवू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवण्याचा हुकूम दिला. शिपायाने स्टूल आणलं आणि घड्याळ काढून आत नेऊन ठेवलं. मुख्य कारकुनाच्या जागेवर दुसरा कुणी गेला.

घरी मावशीने आरडाओरड केली असती तर कात्रीला बरं वाटलं असतं, त्याला ती ऐकून घ्यायची आणि मनात कापायची सवय होती. ती फक्त त्याचं जेवण काढून झाकून ठेवू लागली आणि त्याच्याआधी जेवून घेऊ लागली. धाकटीने आठवडाभर फोनला हात लावला नाही. मग लावला, आणि आता ती कुठलाही व्हिडिओ आला की खाली ‘खोटं’ एवढंच लिहिते, न बघता. तेवढीच तिची सुधारणा. महिन्याभरात कात्रीने स्टुडिओजवळ खोली घेतली. जातो म्हणाला तेव्हा मावशी भाजी निवडत होती. ती म्हणाली, “बरं.”

त्या खोलीचा नळ एके दिवशी कोरडा पडला आणि कोरडाच राहिला. घरमालकाने हात वर केले. तक्रारीला जावं लागणार हे कात्रीला कळत होतं, आणि कुठल्या खिडकीवर तेही कळत होतं. त्याने डोकं लढवलं. जेवणाच्या सुट्टीत जायचं. पत्रा खाली असेल, बाहेर कुणी नसेल, आत मावशी एकटी डोकं टेकून झोपलेली असेल. ती उठेपर्यंत शेजारी बसायचं. मग बोलता येईल. काय बोलायचं ते त्याने रस्त्यात जुळवूनही ठेवलं होतं.

पत्रा वर होता. खिडकीपुढे रांग होती. आत मावशी ताठ बसलेली, डोळे उघडे, डबा एका बाजूला उघडाच. डाव्या हाताने घास घेत होती आणि उजव्या हाताने लिहीत होती. कुणी कधी फोन उगारील याचा नेम नव्हता, म्हणून सुट्टीतही ती आता खिडकी बंद करत नसे. तिच्या मागच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल डाग होता, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. कात्री रांगेत उभा राहिला. परत जावं असं त्याच्या मनात दोनदा आलं, पण पाणी हवं होतं. त्याचा नंबर आला.

“तक्रार?” मावशी वर न बघता म्हणाली.

“मावशी, मी आहे.”

मावशीने वर पाहिलं. तिने हातातला घास परत डब्यात ठेवला.

“तक्रार काय आहे?”

तो म्हणाला, “नळाला पाणी नाही.”

“पत्ता?”

त्याने पत्ता सांगितला. मावशीने तो लिहून घेतला, अक्षर न अक्षर, जसा कुणाचाही घेते तसा.

“माणूस येईल. बाजूला व्हा, मागे लोक आहेत.”

तो बाजूला झाला. मागे त्याच्याच वयाचा एकजण उभा होता. फोन छातीपाशी आडवा धरलेला, चालू. त्याने हसत, कात्रीच्या कानाशी येऊन, पण मावशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “हीच ना रे ती? पावणेअकरावाली?”

मावशी पेन हातात धरून थांबली. ती कात्रीकडे बघत होती.

कात्रीने फोनकडे बघितलं. तो चालू होता, आणि आपण त्यात येतोय हे त्याला दिसलं. तो चौकटीतून एक पाऊल बाहेर सरकला.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मावशीने मान खाली घातली आणि पुढच्याला विचारलं, “तक्रार?”